कॉलेजला आग लागली तर मागच्या जिन्याची चावी कोणाकडे असते?

ऑगस्ट २०२५. नेवासा फाट्यावर रात्री एका फर्निचरच्या दुकानाला आग लागली. दुकानाच्या वरच राहणाऱ्या एका कुटुंबातल्या पाच जणांचा गुदमरून मृत्यू झाला. त्यात दोन लहान मुलं होती. दोन-चार दिवस सगळीकडे हळहळ झाली, मग जो तो आपल्या कामाला लागला.

पण खाली आग आणि वर माणसं, ही गोष्ट फक्त दुकानापुरती नाही. अनेक कॉलेजांत तळमजल्यावर वीज मीटरची खोली, प्रयोगशाळा आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात, तर वर्ग असतात वर. नेवासा, सोनई, भेंडा इथली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं घ्या किंवा राज्यातलं कुठलंही विद्यापीठ घ्या, एक प्रश्न सगळीकडे विचारायला हवा. मुलांना बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, आणि तो आत्ता, या क्षणी उघडा आहे का?

आगीपेक्षा धूर आधी का मारतो?

प्लास्टिक, फोम, वायरी, सनमायका जळताना कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू बाहेर पडतात. गरम धूर हलका असतो, म्हणून तो वर चढतो. इमारतीत त्याला सगळ्यात सोपी वाट मिळते ती जिन्याची. म्हणजे ज्या जिन्यानं आपण उतरणार, तोच धुराडं बनतो. जिना एकच असेल तर वरच्या मजल्यावर उरते फक्त खिडकी.

सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये २४ मे २०१९ रोजी हेच घडलं. वरच्या मजल्यावर क्लास सुरू होता, आणि तिथे जाणारा लाकडी जिनाच आगीत सापडला. मुलांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. २२ विद्यार्थी गेले. दिल्लीच्या मुखर्जीनगरमध्ये १५ जून २०२३ रोजी मीटरजवळ आग लागली आणि क्लासमधली मुलं दोर-वायरींना लटकत खाली उतरली. ती वाचली, पण नशिबानं.

लाल सिलिंडर आहेत की!

आहेत. तपासणीला कोणी येणार असलं की ते पुसूनही ठेवतात. पण सहा किलोचा पावडरचा सिलिंडर साधारण पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. तो टोपलीभर आगीसाठी आहे, मजलाभर आगीसाठी नाही. शिवाय तो चालवायचा कोणी? मी इंजिनीअरिंगची चार वर्षं काढली, रोज एका सिलिंडरसमोरून गेलो. त्याची पिन मी पहिल्यांदा ओढली ती नोकरीत, एका प्रात्यक्षिकात.

त्याच कॉलेजमध्ये एकदा लॅबमध्ये वायर जळाली आणि खोलीभर धूर झाला. आम्ही मागच्या जिन्याकडे धावलो. तिथे जाळीच्या दाराला कुलूप होतं. चावी ज्या मामांकडे होती, ते चहाला गेले होते. त्या दिवशी कोणाला काही झालं नाही, म्हणून कुलूपही बदललं नाही.

सगळ्यात धोक्याची वेळ कोणती?

माझ्या मते परीक्षेची. तेव्हा एकूण एक खोली भरलेली असते. आणि नेमकी तेव्हाच बाहेरून कॉपी पुरवू नये म्हणून एक दार सोडून बाकीची सगळी बंद केली जातात. कॉपी थांबायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण हिशोब करून बघा. इमारतीत ६०० मुलं आहेत आणि दारातून सेकंदाला एक जण बाहेर पडतो असं धरलं, तर एका दारानं दहा मिनिटं लागतात, दोन दारांनी पाच. ही कोणी पडलं नाही, कोणी दप्तरासाठी मागे वळलं नाही, तरची वेळ झाली. धूर एवढं थांबत नाही.

कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बाहेर पडण्याचं दार आतल्या माणसाला चावीशिवाय उघडता आलं पाहिजे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ही जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा ती वापरणाऱ्याची आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ‘ब’, दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं.

कायदा आहे, कागदही आहे. पण कागद यंत्रणेबद्दल बोलतो, माणसं किती मिनिटांत बाहेर येतात याबद्दल नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण दगावले. त्यानंतर चौकश्या, ऑडिट हे शब्द आपण सगळ्यांनीच ऐकले. ऑडिटला सरावाची जोड नसेल तर ते फाइलमध्येच राहतं.

मग करायचं काय?

माझं म्हणणं एवढंच आहे. कॉलेज सुरक्षित आहे की नाही हे सिलिंडर मोजून ठरवू नका, मिनिटं मोजून ठरवा.

१. दर सत्रात एकदा, न सांगता घंटा वाजवून पूर्ण इमारत रिकामी करा. किती वेळ लागला ते नोटीस बोर्डावर लावा.

२. मागच्या दाराचं कुलूप काढा. चोरीची भीती असेल तर आतून ढकलल्यावर उघडणारी दांडी बसवा, बाहेरून ते दार बंदच राहील. ती बसेपर्यंत परीक्षेच्या वेळी प्रत्येक बंद दाराशी चावी घेऊन एक माणूस बसवा.

३. त्या दारासमोर दुचाकी आणि जिन्याखाली मोडके बाक ठेवू देऊ नका.

४. ज्याला जिना उतरता येत नाही अशा विद्यार्थ्याला कोण खाली आणणार, त्या दोघांची नावं आधी ठरवा. आगीत लिफ्ट वापरायची नसते.

५. संलग्नतेसाठी येणाऱ्या विद्यापीठाच्या समितीनं कागद बघण्याआधी घंटा वाजवून बघावी.

खर्चाचं कारण इथे चालत नाही. यातली दांडी सोडली तर बाकी सगळं जवळपास फुकटात होतं. आणि तालुक्याच्या गावाला तर हे जास्तच लागू आहे. अहिल्यानगर नेवाशापासून सुमारे साठ किलोमीटर. तिथून मोठी मदत निघाली तरी ती पोहोचेपर्यंतची मिनिटं आपली आपल्यालाच काढायची आहेत.

तुम्ही विद्यार्थी असाल तर

उद्या कॉलेजला गेलात की नेहमीचा जिना सोडून दुसरा जिना शोधा आणि त्यानं खाली उतरून बघा. धूर दिसला तर वाकून चाला, तोंडावर कापड धरा, मागे दार ओढून घ्या, बाहेर पडल्यावर १०१ किंवा ११२ ला फोन करा. दप्तर राहू द्या.

आणि त्या दुसऱ्या जिन्याला कुलूप दिसलं तर फोटो काढा, प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पालकांनीही फी भरताना हा एक प्रश्न विचारावा. मागच्या दाराची चावी कोणाकडे असते? याचं योग्य उत्तर एकच आहे: त्या दाराला आतून चावी लागतच नाही.