बसलेला घसा आणि छातीतली नस

मराठीत घसा ‘बसतो’. गणपतीच्या आरत्यांनी बसतो, सर्दीने बसतो आणि स्वरतंतू लुळा पडला तरी आपण म्हणतो, घसाच बसलाय. पहिल्या दोन्हींत मिठाच्या गुळण्या आणि चार दिवसांचे मौन पुरते. तिसऱ्यात बिघाड पुष्कळदा घशात नसतोच.

बोलताना दोन्ही स्वरतंतू एकमेकांना टेकतात आणि खालून येणाऱ्या हवेने थरथरतात: पुरुषांचे सेकंदाला साधारण 100 ते 125 वेळा, बायकांचे 200च्या आसपास. एक तंतू हलेनासा झाला की मधे फट राहते. भाता फाटलेल्या पेटीसारखी गत. हवा खर्च होते, सूर भरत नाही. मोबाइल नंबर सांगताना सहाव्या आकड्यालाच दम घ्यावा लागतो. पाणी पिताना ठसका लागतो, कारण श्वासनलिकेची राखणही याच झडपेकडे. दोन्ही तंतू मध्याशी लुळे पडले तर मात्र उलटेच घडते. आवाज बराचसा शाबूत राहतो, अडतो तो श्वास. तिथे थांबायला वेळ नसतो.

या तंतूंना हलवणारी नस मेंदूकडून सरळ स्वरयंत्रात येत नाही. डावी तर छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि पुन्हा मानेत चढते. वाट लांब, म्हणून धोकाही डावीला जास्त. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत तिला इजा होऊ शकते. फुफ्फुसातली गाठ तिला दाबू शकते. हृदयविकारानेही आवाज जातो, हे व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी 1897मध्येच नोंदवले होते. कधी कारण सापडतच नाही. ‘गूगल’च्या लॅरी पेज यांचा डावा तंतू जबर सर्दीनंतर लुळा पडला, डॉक्टरांना कारण कळले नाही, असे त्यांनीच 2013मध्ये जाहीर केले.

म्हणून तीन आठवडे उलटूनही आवाज घोगराच असेल, तर ज्येष्ठमध बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. दुर्बिणीची तपासणी काही मिनिटांची. अनेकांची नस काही महिन्यांत आपोआप सावरते. तोवर आवाजाचे व्यायाम किंवा तंतू फुगवणारे इंजेक्शन कामी येते. नाहीच सावरली, तर जपानच्या नोबुहिको इस्शिकी यांनी 1974मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया आहे. स्वरयंत्राच्या कूर्चेत छोटी खिडकी पाडून पाचर बसवतात आणि लुळा तंतू मधे ढकलतात. रुग्णाला बहुधा जागेच ठेवतात. टेबलावर पडल्या पडल्या तो एक-दोन-तीन म्हणतो आणि त्याचा आवाज ऐकत सर्जन पाचर किंचित आत-बाहेर करत राहतात.