रुमाल आणि चमत्कार

बुद्ध जयंती जवळ आली की वस्तीवस्तीतल्या मंडळांत ‘चमत्कारांचा भांडाफोड’ हा कार्यक्रम ठरतो, आणि मुले विचारू लागतात, रुमाल कुठले घ्यायचे? कार्यक्रम अर्धा त्या रुमालांवरच उभा असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जादूगार अस्सल, पातळ रेशीम वापरतात. दीड फुटी चौरस रुमाल मुठीत लिंबाएवढा होतो आणि सोडताच फुलतो. सुती कापडाला हा गुण नाही, ते चुरगळून गोळाच राहते. पण रेशीम महाग, आणि त्यासाठी कोष आतल्या जिवासकट उकळतात. पंचशील घेणाऱ्या घरात हा विचार व्हायलाच हवा. आमचे मत, जुन्या शिफॉनच्या ओढणीचे रुमाल कापावेत. कडेला जाड शिलाई नको, तिचाच गठ्ठा होतो. हाताने बारीक दुमड घालावी. हे काम आयाबहिणी मशीनपेक्षा सुबक करतात.

रंग दुकानात नव्हे, स्टेजच्या उजेडात पाहावा. पिवळ्या बल्बखाली निळा काळपट दिसतो, लाल आणि नारिंगी मागच्या रांगेला एकच वाटतात. पडदा गडद असेल तर पिवळा व पांढरा उठून दिसतो. नवा गडद रुमाल आधी पाण्यात बुडवून पाहावा. घामाने रंग सुटला की पांढऱ्याची वाट लागते.

रुमाल गडप होतो तो पोकळ नकली अंगठ्यात. बाजारात हा अंगठा बहुधा गोऱ्या कातडीच्या रंगाचा मिळतो! आपल्या सावळ्या हातावर तो लगेच ओळखू येतो. हाताशी जुळेल असा रंगवून घ्यावा.

आता वादाचा मुद्दा. काही तरुणांना रिकाम्या मुठीतून निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी असे रुमाल काढून शेवटी पंचरंगी धम्मध्वज प्रकट करायचा असतो. टाळ्या पडतील, यात शंका नाही. आमचा मात्र विरोध आहे. हा ध्वज 1885 साली कोलंबोत प्रथम फडकला, तो माणसांनी विचार करून बनवला. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात पिंडोल भारद्वाजाची कथा आहे. उंच टांगलेले चंदनाचे पात्र त्याने ऋद्धीने उडून आणले. लोक भारावले, पण भगवंतांनी त्याची कानउघाडणी केली, ते पात्र फोडायला लावले आणि गृहस्थांपुढे ऋद्धी दाखवण्यास भिक्खूंना मनाई केली. मग आपल्याच ध्वजाचा चमत्कार आपण कसा करावा?

साधे रुमाल घ्या. प्रयोग झाला की अंगठा काढून पुढच्या रांगेतल्या पोरांच्या हातात द्या, रुमाल त्यांनाच कोंबायला सांगा. नंतर तो थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, इस्त्री अगदी कोमट हवी, नाहीतर शिफॉन चिकटते.