पाठीचा हिशेब

बाजार समितीतल्या गाळ्यासमोर ट्रक लागतो. हमाल पाठ वाकवून फाळक्याशी उभा राहतो, वरचे दोघे पोते त्याच्या पाठीवर सोडतात आणि तो आकडा रोवून थप्पीकडे निघतो. पोते पन्नास किलोचे. दिवसाला शंभर धरली, तरी पाच टन झाले. चाळिशीत याच माणसाला अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे लागते, मग भिंत धरावी लागते. विचारले, तर उत्तर ठरलेले : ‘काही नाही, जरा पाठ धरलीय.’

ही ‘जरा’ वर्षानुवर्षे चालते. वाकून, पीळ देऊन ओझे उचलताना कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब येतो. त्या झिजतात, सरकतात, नस दाबतात आणि कळ पायापर्यंत उतरते. मजुरी नगावर असल्याने सुटी म्हणजे खाडा. मग वेदनाशामक गोळी गिळून पुन्हा पोते. या गोळ्या वर्षानुवर्षे खाल्ल्या, तर जठर आणि मूत्रपिंडाला धोका. त्यात पुरुषाने कण्हू नये, ही आपली शिकवण. त्यामुळे घरच्यांनाही दुखणे उशिराच कळते.

अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी एकवटले आणि 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मंडळे आली, भविष्यनिर्वाह निधी आला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हमालाला प्रतिष्ठा मिळवून दिली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्ये प्रौढ पुरुषाच्या ओझ्यासाठी 55 किलोंचा दंडक सुचवला. ओझ्याच्या कमाल वजनाविषयीचा तिचा करार भारताने 2010 मध्ये स्वीकारला. मात्र हा दंडक एका खेपेचा आहे. दिवसभराच्या खेपांची बेरीज कोणी मांडत नाही. आपल्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे. ओझ्याने झिजलेला मणका नाही. म्हणून हे दुखणे ‘वयाचे’ ठरते आणि भरपाईचा प्रश्नच मिटतो.

ते वयाचे नाही, कामाचे आहे, हे सरकारने आधी मान्य करावे. ओझ्याने झिजलेल्या मणक्याला त्या यादीत स्थान द्यावे. माथाडी मंडळांनी दरवर्षी मणक्याची तपासणी करावी, दुखऱ्या पाठीच्या कामगाराला मजुरी न कापता हलके काम द्यावे. गाळ्यागाळ्यांत ढकलगाड्या आणि सरकते पट्टे यावेत. त्यापायी टोळीचा रोजगार बुडणार नाही, याची हमीही हवी. मुकादमाच्या वहीत प्रत्येक पोत्याची नोंद होते. ते वाहणाऱ्या पाठीसाठी त्याच वहीत एक रकाना आखायला आणखी किती वर्षे लागणार आहेत?