दर्याची मौज

सुट्टी जवळ आली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. कुठे जायचे, असे मुलांना विचारले तर बहुतेक जण एकाच सुरात सांगतात, "समुद्रावर!" पण मोठ्या माणसांना सवड कुठे असते? हिंजवडीचेच उदाहरण घ्या. मुळशी तालुक्यातले हे एके काळचे शेतीचे गाव. आज तेथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे आहे. कोणी संगणकावर काम करतो, कोणी बस चालवतो, कोणी कँटीनमध्ये स्वयंपाक करतो, तर कोणी इमारतीवर पहारा देतो. काहींना रात्रपाळी असते. अशा घरांत सर्वांना एकत्र सुट्टी मिळते ती फार तर दोन दिवसांची.

मग घरात दोन मते पडतात. काही जण म्हणतात, "दोन दिवसांत काय होणार? जाण्यायेण्यातच वेळ जाईल." आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. काही जण याच्या उलट करतात. दोन दिवसांत चार किनारे आणि दोन किल्ले पाहायचे ठरवतात. मुले गाडीत बसून कंटाळतात आणि घरी आल्यावर त्यांना फक्त गाडीतली दमणूक आठवते. मला हे दोन्ही विचार पटत नाहीत. समुद्रासाठी दोन दिवस पुरतात. पण सहल मुलांच्या मनात राहावी असे वाटत असेल, तर मुलांना तिच्यात वाटा द्यायला हवा. ज्या सहलीत मुलांना काही शोधायचे असते, विचारायचे असते, ठरवायचे असते, ती सहल त्यांची स्वतःची होते. पैशाने हा वाटा विकत घेता येत नाही.

हा वाटा प्रवासापासूनच देता येतो. हिंजवडीहून समुद्राकडे जाणारी एक सुंदर वाट मुळशी तालुक्यातूनच जाते. पौड ओलांडले की मुळशी धरणाचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. तेथे दहा मिनिटे थांबावे आणि लहान भावंडांना एक कोडे घालावे. "हे पाणी कोणत्या समुद्राला मिळते?"

उत्तर ऐकून मोठी माणसेही चकित होतील. हे धरण मुळा नदीवर आहे. मुळा पूर्वेकडे वाहते आणि हिंजवडीच्या जवळून पुण्याकडे जाते. पुण्यात तिला मुठा मिळते. पुढे हे पाणी भीमेला, भीमेचे पाणी कृष्णेला आणि कृष्णेचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळते. पण याच जलाशयाचे बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळवले आहे. ते सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिरा येथे येते आणि तेथे १९२७ पासून त्यावर वीज तयार होते. तेथून ते पाणी कुंडलिका नदीतून कोलाड आणि रोहा या गावांजवळून वाहत जाते आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे एकाच जलाशयाचे पाणी दोन समुद्रांना जाते!

या जलाशयाची आणखी एक गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे. धरणासाठी येथील शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये त्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट हे त्या लढ्याचे नेते होते. धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. आपल्या घरातल्या दिव्यामागे कोणाचा तरी त्याग असतो, हे मुलांना पुस्तकापेक्षा या पाण्याकडे पाहून लवकर समजते.

पुढे ताम्हिणी घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो. हवा बदलते. अंगाला घाम येऊ लागतो. कोलाड-रोह्याच्या रस्त्याने कुंडलिकेच्या सोबतीने गेले, तर मुले खिडकीतून नदी शोधत बसतात. "अजून किती लांब?" हा प्रश्न कमी वेळा ऐकू येतो, कारण मुळशीत पाहिलेले पाणी समुद्राला कुठे भेटते, हे त्यांना पाहायचे असते.

समुद्रावर पोहोचल्यावर दुसरा नियम पाळावा. एकच किनारा निवडावा आणि तेथेच राहावे. रेवदंडा, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन यांपैकी कोणताही चालेल. मुलांना एकाच जागेची ओळख व्हायला वेळ लागतो. पहिल्या संध्याकाळी ती लाटांना घाबरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना खेकड्यांची बिळे सापडतात. बिळाभोवती खेकड्यांनी टाकलेल्या वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी त्यांना दिसते. कोळ्यांच्या होड्या परत येतात, जाळ्यांतून मासे काढले जातात, तेव्हा कोणत्या माशाला काय म्हणतात हे मुले विचारू लागतात. जो एका किनाऱ्यावर दोन दिवस राहतो, त्याला समुद्र दिसतो. जो चार किनाऱ्यांवर धावतो, त्याला फक्त वाहनतळ दिसतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. समुद्राचे वेळापत्रक आपल्या घड्याळाप्रमाणे चालत नाही. दिवसातून साधारण दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. उर्दूत तुम्ही यालाच मद्द-ओ-जज़र म्हणता. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीमुळे हे घडते आणि त्यात चंद्राची ओढ अधिक असते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास भरती मोठी असते. तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती लहान असते. तिला भांगाची भरती म्हणतात.

कोकणातले लोक भरतीची वेळ तोंडी हिशेबाने सांगतात. अमावास्येपासून किंवा पौर्णिमेपासून जी तिथी असेल, तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणून त्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. तुम्हाला तर हा हिशेब आणखी सोपा आहे. रमजानचा आणि ईदचा चाँद पाहायला तुम्ही गच्चीवर जाता. चांद्र महिन्याची कोणती तारीख आहे, हे तुमच्या घरात ठाऊक असते. चौदाव्या तारखेच्या आसपास पौर्णिमा असते, म्हणजे त्या दिवसांत समुद्राला उधाण असते. हिंजवडीच्या गच्चीवरून चंद्र पाहून दूरच्या समुद्रात काय चालले असेल, हे सांगता येणे ही केवढी गंमत आहे!

पण हा हिशेब केवळ अंदाजाचा आहे. त्याच्या भरवशावर पाण्यात उतरू नये. पाण्यात जाण्यापूर्वी गावातल्या लोकांना आणि जीवरक्षकांना विचारलेच पाहिजे. १ फेब्रुवारी २०१६ या दिवशी पुण्याहून मुरूडला सहलीसाठी गेलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी समुद्रात बुडून मरण पावले. ती मुले तुमच्यापेक्षा थोडीच मोठी होती. तीही मौज करायलाच गेली होती. ही घटना मुलांना सांगू नये, त्यांचा आनंद जाईल, असे काही पालकांना वाटते. मला तसे वाटत नाही. समुद्राची भीती घालू नये, पण त्याचा मान ठेवायला जरूर शिकवावे.

म्हणून काही गोष्टी निघण्यापूर्वीच ठरवाव्यात. लहानांनी गुडघाभर पाण्याच्या पुढे जायचे नाही. ओहोटी लागली की पाण्याबाहेर यायचे. खाडीच्या मुखाशी आणि खडकांजवळ उतरायचे नाही. एका मोठ्या माणसाने पाण्यात न जाता केवळ मुलांवर लक्ष ठेवायचे. त्या वेळी त्याने मोबाइलकडे पाहायचे नाही. पाण्याने ओढून नेलेच, तर प्रवाहाविरुद्ध हातपाय मारून दमू नये. तरंगत राहावे आणि हात वर करून मदत मागावी. दुसरा कोणी बुडत असेल तर त्याच्या मागे उडी घेऊ नये. तरंगणारी वस्तू त्याच्याकडे फेकावी, जीवरक्षकांना हाक मारावी आणि ११२ या क्रमांकावर फोन करावा. पावसाळ्यात तर समुद्रात उतरण्याचा विचारही करू नये.

हे नियम मोठ्यांनी सांगण्याऐवजी मुलांनीच कागदावर लिहून काढले तर अधिक चांगले. स्वतः लिहिलेला नियम मूल सहसा मोडत नाही. याचप्रमाणे प्रत्येकाला एक काम द्यावे. एकाने भरती-ओहोटीची वेळ विचारून ठेवावी. एकाने खर्चाची वही सांभाळावी. एकाने रोज संध्याकाळी आपला कचरा गोळा करून पिशवीत भरावा. सर्वांत लहान मुलाने रिकामे शिंपले जमवावेत. ज्या शिंपल्यात जीव असेल, तो मात्र पाण्यात परत सोडावा.

आता थोडे शब्दांविषयी. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. समुद्रावर गेल्यावर या दोन्ही भाषा एकमेकींना भेटतात. किनारा, बंदर, जहाज, तुफान हे शब्द दोन्हींकडे आहेत. काही शब्दांनी मात्र वाटेत अर्थ बदलला आहे. उर्दूत दरिया म्हणजे नदी, तर मराठीत दर्या म्हणजे समुद्र. मुरूडजवळचा जंजिरा पाहा. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला हा सिद्दींचा किल्ला. तेथे राजपुरीहून होडीने जावे लागते. सभोवती खारे पाणी असूनही आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. जंजिरा हा शब्द जज़ीरा या अरबी शब्दापासून आला आणि जज़ीरा म्हणजे बेट, हे तुम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. उलट तुम्हीच ते वर्गातल्या इतरांना सांगू शकता. जवळच्या कोर्लई गावात तर पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मेळातून तयार झालेली वेगळीच बोली ऐकू येते. समुद्राने दूरदूरची माणसे येथे आणली आणि त्यांच्याबरोबर शब्दही आले.

या सर्व शब्दांत मला मौज हा शब्द सर्वांत आवडतो. उर्दूत मौज म्हणजे लाट. मराठीत मौज म्हणजे आनंद. जणू कोणीतरी लाटेकडे पाहिले आणि त्याला आनंदासाठी दुसरा शब्द शोधावासाच वाटला नाही!

कोणी म्हणेल, "हे सगळे ठीक आहे, पण आमच्याकडे गाडी नाही, हॉटेलात राहायला पैसे नाहीत." समुद्र काही तिकीट लावून बसलेला नाही. एसटीनेही कोकणात जाता येते. गावांत घरगुती राहण्या-जेवणाची सोय असते. तांदळाची भाकरी, माशाचे कालवण आणि सोलकढी यांची चव मोठ्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी नसते. खरी अडचण पैशांची असते तशी वेळेचीही असते. वडील किनाऱ्यावर बसून कचेरीचे फोन घेत राहिले आणि आई पिशव्या सांभाळत राहिली, तर महागडी सहलही फुकट जाते. दोन दिवस आईवडील मुलांच्या स्वाधीन झाले, त्यांच्याबरोबर वाळूत बसले, तर मुलांना आणखी काही नको असते. आईलाही लाटांत पाय भिजवायचे असतात, हे मुलांनीही विसरू नये.

म्हणून मित्रांनो, पुढच्या सुट्टीत बेत ठरवण्याचे काम तुम्हीच अंगावर घ्या. नकाशा काढा, चंद्राची तारीख पाहा, खर्चाचा हिशेब मांडा आणि तो अम्मी-अब्बांपुढे ठेवा. दोन दिवस थोडे आहेत, असे त्यांना वाटले तर सांगा, की तेवढ्या वेळात समुद्राला चार वेळा भरती येते. मौज पाहायला आणि करायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

स्वाध्याय

१. मुळशीच्या जलाशयाचे पाणी दोन समुद्रांना कसे मिळते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. 'समुद्राची भीती घालू नये, पण त्याचा मान ठेवायला शिकवावे', असे लेखकाला का वाटते?
३. चतुर्थीला पूर्ण भरती साधारण किती वाजता येईल? हिशेब करून सांगा.
४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले, पण अर्थ वेगळा असलेले आणखी तीन शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.