मोडीत काढण्यापूर्वी

केंद्र सरकारने १३ ऑगस्ट २०२१ रोजी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा त्याचे स्वागतच झाले आणि ते योग्यही होते. १ एप्रिल २०२३ पासून सरकारने स्वतःच्या पंधरा वर्षांवरील गाड्याही याच नियमात आणल्या. ज्या गाडीचा ब्रेक लागेल की नाही याची चालकालाच खात्री नाही, जी चढावर काळा धूर ओकते, ती भंगारात जावी, तिचे लोखंड जालन्याच्या भट्ट्यांतून सळईच्या रूपाने बाहेर पडावे, यात हळहळण्यासारखे काही नाही. आमचा या धोरणास विरोध नाही. हे प्रारंभीच स्पष्ट करतो, कारण पुढील मजकूर वाचून आम्हांस कोणी धुराचा कैवारी ठरवू नये.

परंतु 'मोडीत काढणे' हा शब्दप्रयोग ज्या व्यवहारातून आपल्या भाषेत आला, त्या व्यवहाराकडे क्षणभर पाहावे. नाशिकच्या भांडी बाजारात घरातली फुटकी तपेली, पिचलेले तांबे मोड म्हणून देऊन नवे भांडे घेण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. तराजूत टाकण्यापूर्वी घरची बाई प्रत्येक भांडे उलटसुलट करून पाहते. काठावर कोरलेले नाव कोणाचे, ते कोणाच्या लग्नात आले, हे वाचते. नऊ भांडी मोडीत देते आणि दहावे मुकाट्याने पिशवीत परत ठेवते. तिला मोडीचा भाव कळत नाही असे नव्हे. भाव कळूनही ती निवड करते. आजच्या वाहन-धोरणात उणीव आहे ती नेमकी या उलटून पाहण्याची.

याचे ठळक उदाहरण मुंबईत घडले. तेथील शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावर दिसेनाशी झाली. निदान एक काळी-पिवळी पद्मिनी जतन करावी, अशी विनंती टॅक्सीचालकांच्या संघटनेने काही वर्षे आधीच सरकारला केली होती. तिला यश आले नाही. हजारो गाड्यांतून एक! मागणी याहून माफक असूच शकली नसती.

ही मोटार म्हणजे केवळ एक परदेशी नमुना नव्हता. मालेगावनजीकच्या माळावर रावळगाव उभे करणारे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. परक्या राजवटीत जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत हात घालणाऱ्या या सोलापूरच्या माणसाचे ते एक स्वप्न होते. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम डॉज, डीसोटो अशा अमेरिकी गाड्या जुळविल्या गेल्या, मग फियाट ११०० आली, १९६४ च्या सुमारास ती 'डिलाइट' झाली आणि १९७४ च्या सुमारास तिने पद्मिनी हे नाव धारण केले. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चाळीस-एक अश्वशक्ती, सुकाणूच्या दांड्यालाच लावलेला गिअर, पुढे सलग बाकासारखी बैठक. परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहणारी कुटुंबे होती आणि नंबर लागला की पेढे वाटले जात. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कित्येक वाचकांनी आयुष्यातला पहिला मोटारप्रवास याच बाकावर, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये बसून केला असेल.

यावर कोणी म्हणेल की, आठवणी छायाचित्रांत राहतात, त्यासाठी टनभर लोखंड कशाला सांभाळावे? प्रश्न रास्त आहे. परंतु यंत्र हे छायाचित्रात राहत नाही. कार्बोरेटर कसा बसवला होता, पत्र्याचा वाक हाताने कसा आणला होता, देशी पोलादाच्या मर्यादेवर कारागिराने कोणती तोड काढली होती, हे वस्तू हाती असेल तरच उमगते. नाशिककरांना हे निराळे सांगावयास नको. गोदावरीकाठच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या त्या साठ्यातील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठविलेला होता. जिंकणाऱ्या राजाने हरलेल्याची नाणी वितळवून नवी पाडली असती, तर कोणी कोणास जिंकले याचा इतका निर्विवाद पुरावा हाती लागता ना. धातू तोच राहिला, वजन तेच राहिले आणि इतिहासही राहिला. अशा नाण्यांच्या अभ्यासासाठी अंजनेरीला १९८० पासून एक संशोधन संस्था चालते, याचा आपणांस अभिमान आहे.

जे राहिले नाही त्याचीही यादी याच शहरापाशी आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या १९१३ च्या चित्रपटाच्या चार रिळांपैकी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिले आणि शेवटचे एवढीच उरली आहेत. फाळक्यांच्या चित्रफितींचे जे काही अवशेष आज दिसतात, ते पी. के. नायर या एका संग्राहकाने त्यांच्या कुटुंबीयांपर्यंत जाऊन मिळविले म्हणून. त्या काळच्या कितीतरी चित्रपटांच्या फिती त्यांतील चिमूटभर चांदीसाठी विकल्या गेल्या. तो व्यवहारही त्या त्या दिवशी फायद्याचाच वाटला असेल. नाशिक रोड स्थानकापासून मेन रोडपर्यंत १८८९ च्या सुमारास सुरू झालेली, प्रथम घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम चार दशके धावली आणि १९३०-३३ च्या दरम्यान बंद पडली. तिचा डबा मुलांना दाखवायचा म्हटले तर नाशिककराने त्यांना कोठे न्यावे?

आता कायद्याकडे वळू. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' असा दर्जा दिला. त्यांना निराळा क्रमांक मिळतो. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये. प्रदर्शन, संशोधन वा मेळावा, आणि इंधन व देखभाल एवढ्यापुरतेच रस्त्यावर आणण्याची मुभा. तरतूद चांगली आहे. पण पन्नासाव्या वर्षापर्यंत पोहोचावे कसे? खाजगी मोटारीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी व फेरनोंदणी करावी लागते. त्यासाठीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झाले. राज्याचा पर्यावरण कर निराळाच. म्हणजे विसाव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत एखाद्याने गाडी जपली, तर नुसत्या फेरनोंदणीपायी साठ हजारांच्या घरात रक्कम जाईल. त्याच वेळी दुसरा हात पुढे येतो: गाडी मोडीत द्या, नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमूल्य घ्या, नव्या खाजगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट घ्या. एकवीस वर्षांच्या गाडीला दहा हजार आणि व्हिंटेज गाडीच्या फेरनोंदणीला पाच हजार, हा हिशेब ज्याने मांडला त्याने मधल्या तीस वर्षांचा विचार केलेला दिसत नाही. वृद्धाश्रमाचे दार उघडे, पण तेथवर जाणारी वाट बंद, अशी ही अवस्था आहे.

आणि या मधल्या तीस वर्षांतच नाशिकचा सर्व मोटार-इतिहास अडकलेला आहे! सातपूरला महिंद्र कंपनीचा कारखाना १९८१ मध्ये आला. २००० साली बाजारात आलेली बोलेरो आणि २००२ साली आलेली स्कॉर्पिओ ही या शहराच्या कामगारांची निर्मिती होय. शेकडो लहान कारखाने या गाड्यांचे सुटे भाग करून वाढले. सिडको, सातपूर, अंबड येथील हजारो घरे त्यावर उभी राहिली. पहिली स्कॉर्पिओ कायद्याच्या दृष्टीने 'जतनयोग्य' होईल ती २०५२ साली. तोपर्यंत सुरुवातीच्या तुकडीतील किती शिल्लक राहतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉईसची आम्हांस चिंता नाही. तिला धनी आहे, छप्पर आहे, आणि तिच्यासाठी परदेशातून सुटे भाग मागविण्याची ऐपतही आहे. धोका आहे तो सामान्य गाडीला. ती सर्वत्र होती म्हणूनच कोणी जपली नाही. तीन चाकांच्या ज्या वाहनाने 'टेंपो' हा शब्द मराठीला दिला, ते वाहन आज शोधूनही सापडत नाही. शब्द तेवढा कोणत्याही मालगाडीला चिकटून राहिला आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या एस.टी.चा जुन्या बांधणीचा सांगाडा, मागे इंजिन असलेली पहिली रिक्षा, गावोगावच्या डॉक्टरांची जीप, या वस्तूंना संग्राहक मिळत नाहीत, गिऱ्हाईक मिळते ते किलोच्या भावाने.

अर्थात सर्वच वाचविणे अशक्य आणि अनिष्टही. दारात वीस वर्षे विटांवर उभी असलेली, आत मांजरी व्यालेली गाडी म्हणजे जतन नव्हे. ती गल्लीची अडचण आहे. तिचा मालक वडिलांच्या स्मृतीचे नाव सांगतो, पण तिच्यावर साधे ताडपत्रीचे आवरणही घालीत नाही. अशी गाडी मोडावी, मात्र मोडण्यापूर्वी तिचा दरवाजा, दिवे, मीटर, गिअरपेटी दुसऱ्या सुस्थितीतील गाडीस द्यावी. दहा मृत गाड्यांतून एक जिवंत करणारे मेस्त्री अद्याप आपल्या गॅरेजांतून आहेत. हातोडी आणि ऐरण यांवर पत्रा सरळ करणारे, लेथवर न मिळणारा भाग घडविणारे हे लोक वयाने साठीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्या हाताखाली आय.टी.आय.ची मुले बसवावयाची तर जुनी गाडी हाच फळा आहे. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये महापालिकेने अंबड लिंक रोडवरील भंगार बाजार हटविला. कारवाईच्या योग्यायोग्यतेत आम्ही शिरत नाही, परंतु त्या ढिगांत काय काय होते हे पाहण्यासाठी कोणी जाणता माणूस पाठविला गेला असता तर बरे झाले असते.

इतर देशांनी यावर उपाय काढले आहेत. जर्मनीत तिसाव्या वर्षी, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीस निराळा क्रमांक मिळतो. ब्रिटनमध्ये चाळिसाव्या वर्षानंतर तिचा कर माफ होतो. आपल्याकडे पंचविसाव्या वा तिसाव्या वर्षी एक मधला वर्ग निर्माण करावा. वर्षाकाठी मोजके किलोमीटर चालविण्याची अट, नाममात्र शुल्क, तपासणी मात्र कडक, एवढे पुरे आहे. अशा थोड्या गाड्यांनी शहराची हवा बिघडणार नाही. ती बिघडविणाऱ्या हजारो गाड्या खुशाल मोडाव्यात. चालवावयाची नसलेली गाडी नोंदणी रद्द करून, न मोडता, शाळेत किंवा संग्रहालयात उभी करण्याची स्पष्ट सोयही नियमांत हवी. तसेच मान्यताप्राप्त मोडकेंद्रात तीस वर्षांवरील गाडी आली, तर ती कापण्यापूर्वी महिनाभर जाहीर सूचना लावावी.

हे दिल्लीने करावयाचे झाले. नाशिकने करावयाचे ते याहून सोपे आहे. शेजारच्या अहिल्यानगरला लष्कराने १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय चालविले आहे आणि त्यात रोल्स-रॉईसची चिलखती गाडीही उभी आहे. मग मोटारी बनविणाऱ्या शहरात महापालिकेने आणि सातपूर-अंबडच्या उद्योजकांनी मिळून एक शेड उभारणे दुरापास्त नाही. त्याआधीही एक काम आहे, आणि त्यास पैसा लागत नाही. जिल्ह्यातील प्रत्येक वाहनाची नोंद परिवहन कार्यालयाच्या संगणकात आहे. तीस वर्षांवरील वाहनांची यादी त्यातून यंदाच काढावी, आणि मालकांना भंगाराची नोटीस जाण्याआधी एक साधे पत्र जावे: आपली गाडी कोणत्या स्थितीत आहे, आणि ती आम्ही पाहावयास यावे काय?