जुन्या होडीचा जीर्णोद्धार

कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडी, उधाणाची भरती साधून होड्या वर ओढल्या जातात. खाली ओंडके घालून, दोर लावून, आरोळ्या देत होडी वाळूवर आणली की तिच्यावर झावळ्यांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर घालतात. याला होडी शाकारणे म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते आणि हाच काळ होडीच्या देखभालीचा असतो. पुढे नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण होतो, होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. पण दोन-चार होड्या मात्र जागेवरच राहतात. एखादीचा मालक निवर्तलेला असतो, एखादीचे इंजिन बिघडलेले असते, एखादीवरचे कर्ज फिटलेले नसते. असे दोन-तीन पावसाळे गेले की लोक तिला मोडीत निघालेली समजू लागतात. अशी होडी पुन्हा पाण्यात आणावी की तिचे लाकूड सरपणाला द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती हिशेबाचा वाटतो. परंतु त्या होडीत बसून पाच-सहा माणसे किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जाणार असतात, हे ध्यानात घेतले की त्याचे गांभीर्य कळते.

या बाबतीत दोन चुका सर्रास होतात. जुनी म्हणजे टाकाऊ, असे मानणारे चांगले सागवान मातीमोलाने विकून टाकतात. दुसरी चूक अधिक घातक आहे. होडीवर माया असणारा मालक दर्याला भिडण्याच्या घाईने नवे इंजिन घेतो, बाहेरून झगझगीत रंग देतो आणि होडी नवी झाली असे समजतो. वास्तविक रंग ही या कामाची अखेरची पायरी होय. कुजलेल्या फळीवर दिलेला रंग होडीचे रक्षण तर करीत नाहीच, उलट तिचा दोष पाहणाऱ्याच्या नजरेआड करतो.

कामाचा खरा आरंभ साफसफाईपासून होतो, आणि ही साफसफाई म्हणजेच होडीची तपासणी असते. तळाला चिकटलेले बार्नेकल हे खेकड्याच्या दूरच्या नात्यातले कवचधारी जीव. ते खरवडून काढल्याशिवाय फळी दिसत नाही. त्यांच्यामुळे तळ खडबडीत होतो आणि तेवढ्याच वेगासाठी डिझेल अधिक जळते. त्याहून मोठा शत्रू लाकडाच्या आत राहतो. ज्याला लोक जहाजाचा किडा म्हणतात तो किडा नसून शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि आत फळीची चाळण झालेली असते. म्हणून जाणता सुतार डोळ्यांवर विसंबत नाही. तो हातोडीने फळीफळीवर ठोके देत जातो. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, पोखरलेले लाकूड बद्द वाजते. होडीचा कणा आणि तिच्या फासळ्या शाबूत असतील तर फळ्या बदलून होडी उभी करता येते. कणाच गेला असेल तर मात्र मोह आवरावा. तेथे जीर्णोद्धाराचा हट्ट धरणे म्हणजे खलाशांच्या जिवाशी खेळणे होय.

शहरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट नवलाची वाटेल. लाकडी होडीला खाऱ्या पाण्याहून पावसाच्या गोड्या पाण्याचे भय अधिक असते. मिठामुळे कुजवणाऱ्या बुरशीला आळा बसतो. गोडे पाणी कानाकोपऱ्यांत साचले की लाकूड मऊ पडू लागते. शाकारण्याची जुनी रीत या अनुभवातूनच आली असली पाहिजे. दुसरी बाजू अशी की, फार काळ कोरड्यावर राहिलेल्या होडीच्या फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडे पडतात. या सांध्यांत कापसाची वात ठोकून बसवायची आणि वरून राळ व तेल यांचा लेप भरायचा, हे काम पाहताना सोपे वाटते. परंतु ती वात किती घट्ट ठोकावी, यातच सारे मर्म आहे. होडी पाण्यात गेली की लाकूड फुगते. सांधे आधीच ठासून भरले असतील तर फुगणाऱ्या फळ्या एकमेकींना रेटतात आणि खिळे ढिले होतात. वात सैल राहिली तर पाणी आत येते. हा अंदाज कोणत्याही पुस्तकातून येत नाही. तो मनगटात असावा लागतो.

इंजिनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. बंद पडलेले इंजिन घाईने सुरू करून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि पुष्कळ इंजिने त्या एका क्षणात कायमची बिघडतात. आधी तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे हे निश्चित. टाकीच्या तळाशीही पाणी साचते आणि डिझेल व पाणी यांच्या मधल्या थरात सूक्ष्म जीव वाढून जो चिकट गाळ तयार होतो, तो भर समुद्रात गाळणी तुंबवतो. थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी फिरवणाऱ्या नळ्या क्षाराने चोंदलेल्या असतात. पंख्याजवळ लावलेले जस्ताचे तुकडे झिजले असतील तर नवे बसवावेत. समुद्राच्या पाण्यात ते स्वतः झिजतात आणि इतर धातू वाचतो. सर्वांत वाईट सवय म्हणजे जुन्या होडीला तिच्या ताकदीबाहेरचे मोठे इंजिन लावणे. त्याच्या हादऱ्यांनी हंगाम संपायच्या आत सांधे सुटू लागतात.

या स्वच्छतेचा मळ कोठे जातो, हेही पाहिले पाहिजे. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. शेंदूर हे शिशाचेच एक रूप आहे. तो रंग कोरडा घासला की त्याची धूळ घासणाऱ्याच्या आणि जवळ खेळणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांत जाते. म्हणून पृष्ठभाग ओला करून, तोंडाला फडके नव्हे तर योग्य मुखपट्टी लावून काम करावे. तळावर जीव चिकटू नयेत म्हणून वापरले जाणारे कथिलयुक्त विषारी लेप शंखशिंपल्यांना इतके घातक ठरले की २००१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांना मनाई केली; हा करार २००८ पासून अमलात आला. होडीच्या तळात साचलेले तेलकट पाणी खाडीत ओतणारा कोळी स्वतःच्याच ताटात विष कालवत असतो.

जुन्या लाकडाच्या टिकाऊपणाविषयी शंका घेणाऱ्यांनी ‘ट्रिंकोमाली’ या जहाजाचे उदाहरण पाहावे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानातून बांधलेले हे शिडाचे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे १९९० ते २००१ या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला आणि ते आजही तेथे तरंगते आहे. अर्थात त्यामागे मोठा निधी होता. गावच्या होडीमागे एका कुटुंबाची बचत असते. फायबरच्या होड्या आल्या, त्या हलक्या असतात आणि त्यांना देखभालही कमी लागते. ज्याला ती सोय परवडते त्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र मोडलेली फायबरची होडी कुजतही नाही आणि सरपणालाही येत नाही, एवढे लक्षात असावे.

खरी चिंता होडीहून होडीच्या सुताराची आहे. हातोडीच्या ठोक्यावरून लाकूड ओळखणारा हा माणूस बहुधा शाळेची पायरी फारशी चढलेला नसतो. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, अनुभवातून मिळवलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. या सुतारांपर्यंत अशी व्यवस्था पोहोचली पाहिजे. परंतु त्यांची परीक्षा कागदावर घेऊन चालणार नाही, ती किनाऱ्यावर होडीपाशीच घ्यावी लागेल आणि परीक्षकालाही तो आवाज ओळखता यावा लागेल. त्या सुताराच्या मुलाला मात्र आज हे काम शिकण्यापेक्षा शहरातील नोकरी बरी वाटते, आणि बापाला मिळणारी मजुरी पाहता त्याचे चुकते असे कसे म्हणावे?

डागडुजी पुरी झालेली होडी पाण्यात उतरते, तेव्हा ती पहिल्या रात्री गळतेच. कोरड्या फळ्यांना फुगायला वेळ लागतो. म्हणून त्या रात्री कोणीतरी होडीतच झोपतो आणि मधूनमधून उठून पाणी उपसतो. बहुधा तो सुतारच असतो. पहाटेपर्यंत पाणी उपसण्याच्या फेऱ्या कमी होत जातात, आणि उजाडल्यावर मालक किनाऱ्यावर येऊन पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की रात्री किती वेळा उठावे लागले.