दुसरा रूळ टाकताना हॉल्टचा विचार करा

गोंदिया-बल्लारशा मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये मंजुरी दिली. सुमारे 240 किलोमीटरच्या या एकेरी मार्गावर दुसरा रूळ पडेल आणि छत्तीसगडकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या मालगाड्यांना वाट मोकळी होईल. निर्णय चांगला आहे, त्याचे स्वागतच करायला हवे. आमचा प्रश्न याच मार्गावरच्या हॉल्टबद्दल आहे. तिथे ना स्टेशन मास्तर, ना पोर्टर. गाडी येते, मिनिटभर उभी राहते आणि निघून जाते.

बंगाल-नागपूर रेल्वेने 1908 मध्ये गोंदिया-नागभीड ही अडीच फुटी लाईन सुरू केली. पुढे ती चांदाफोर्टपर्यंत गेली. नव्वदच्या दशकात तिचे ब्रॉडगेज झाले आणि आता ती दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात आहे. या शतकभरात गोरेगाव, सौंदड, अर्जुनी या स्टेशनांभोवती बाजारपेठा वाढल्या. गणखैऱ्यासारख्या हॉल्टभोवती बाजारपेठ उभी राहिली नाही, पण गाव मात्र गाडीच्या वेळेला बांधले गेले. कॉलेजची मुले, गोंदियाच्या दवाखान्यात जाणारे म्हातारे, भाजीची टोपली घेऊन निघालेल्या बाया यांना पॅसेंजरइतके स्वस्त वाहन दुसरे नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागला की नाटक ठरवायला गावच्या मंडळाची माणसे नाटक कंपन्यांच्या वडशाला जातात, तीही याच मार्गाने.

बऱ्याच हॉल्टवर तिकीट विकायचे काम रेल्वेचा नोकर करत नाही. ते गावातल्याच एखाद्या एजंटाला कमिशनवर दिले जाते. किमान भाडे 10 रुपये, त्यावरचे कमिशन किती असणार? एजंटाने काम सोडले आणि नवा कोणी पुढे आला नाही, की तिकीट विक्री थांबते. विक्री थांबली की कागदावर प्रवासी दिसेनासे होतात. मग उत्पन्न नाही म्हणून थांब्यावरच गंडांतर येते. हा हिशेबच चुकीचा आहे. मोबाइलवर तिकीट निघते हे खरे, पण साधा फोन वापरणाऱ्या आजीला त्याचा काय उपयोग? हॉल्टची गरज ठरवायची असेल तर गाडीत चढणारी-उतरणारी माणसे मोजा. करोनानंतर पॅसेंजरचे किमान भाडे 10 वरून 30 रुपये झाले आणि 2024 च्या फेब्रुवारीपर्यंत तसेच राहिले. त्या काळातली विक्री पुरावा म्हणून पुढे करणे तर सरळ अन्याय ठरेल.

स्टेशनवर माणूस नसणे हा काही गुन्हा नाही. जपानमधली जवळपास निम्मी रेल्वे स्टेशने कर्मचाऱ्यांविना चालतात. पण तिथेही ओइता येथील अपंग नागरिकांनी 2020 मध्ये रेल्वे कंपनीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. कर्मचारी काढून घेतल्यावर व्हीलचेअरवरच्या माणसाने गाडीत चढायचे कसे, हा त्यांचा सवाल होता. तोच सवाल इथे जास्त तीव्र आहे. आपल्याकडच्या बऱ्याच हॉल्टवर फलाट रुळाच्या पातळीलगत असतो आणि डब्याची पायरी बरीच उंच राहते. बाळंतीण, काठी टेकत आलेला म्हातारा, सगळ्यांना हात देऊन वर ओढावे लागते.

दुहेरीकरणाने यात नवा धोका येणार आहे. आज रूळ एकच असल्यामुळे गाडी कुठून येते ते दिसते. उद्या एका बाजूला पॅसेंजर उभी असेल आणि तिच्या आड दुसऱ्या रुळावरून न थांबणारी मालगाडी भरधाव येईल. शिट्टी फुंकून, हात आडवा करून लोकांना थांबवणारा माणूस हॉल्टवर नसतो. म्हणून प्रत्येक हॉल्टवर दोन्ही बाजूंना उंच फलाट आणि रूळ ओलांडायला उताराचा भुयारी मार्ग किंवा पूल हवाच. शेड, रात्री जळणारा दिवा, पिण्याचे पाणी आणि एजंटाला परवडेल असे किमान मानधनही हवे. हजारो कोटींच्या कामात हा खर्च डोळ्यांत भरण्याजोगा नाही. मात्र तो मूळ अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. नंतर वेगळी मंजुरी मागत बसल्यास वर्षे जातात. गोंदियाच्या लोकप्रतिनिधींनी आणि या मार्गावरच्या ग्रामपंचायतींनी फलाटांचे नकाशे आत्ताच मागवावेत आणि आपल्या हॉल्टचे नाव त्यात आहे की नाही ते तपासून घ्यावे.